आत्या येईपर्यंत

माणसाच्या मेंदूतलं पाणी काढलं, तर उरतं त्यात निम्म्याहून अधिक चरबी असते. ती कोणकोणत्या आम्लांची बनली आहे, हे तपासणं माझं काम. हैदराबादच्या प्रयोगशाळेत मी मेंदूचा वाटाण्याएवढा तुकडा द्रावकात घोटते, चरबी वेगळी करून यंत्रात सोडते. पडद्यावर एकेका आम्लाचं शिखर उमटतं. कुठल्याच शिखरावर जात लिहिलेली नसते. हे मी वडिलांना सांगितलं, तर त्यांनी ते पुढच्या पत्रकात छापून टाकलं.

वडील परंड्याच्या बाजारात जातीविरुद्धची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांवरच. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो. "माझा मेंदू तुझ्या कामाला घे," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

ते गेले मे महिन्यात, मी सुट्टीवर घरी आले असताना. देह नेऊन मेंदू काढून ठेवायला सोलापूरच्या रुग्णालयाला कळवलं. गाडी दारात आली आणि चुलते आडवे आले.

"बहीण पुण्यावनं निघालीया. तिनं तोंड बघितल्याबिगर उचलायचं न्हाय."

"काका, या उन्हात मेंदूतली चरबी नासती. मग तपासून उपेग न्हाय."

"चरबी तुझ्याच डोस्क्यात हाय, बाई."

ओट्यावरची शेजारीण म्हणाली, "शिकली-सवरली, आन् बापाचं डोस्कं इकाया निघाली."

मी भांडले. पंचशील म्हणायला जमलेल्यांत वडिलांची पत्रकं घरात जपणारेही होते. सगळे खाली बघत बसले. एकानं बर्फाची लादी आणली. ती वितळत राहिली.

दुपार कलल्यावर आत्या आली. भावाच्या गालावर हात ठेवून रडली. मग दारातली गाडी बघून म्हणाली, "ही कवाधरनं उभी हाय?"

मी सगळं सांगितलं.

"आगं, सोलापूरला तर म्या थेट आले असते की! तिथंच बघितलं असतं त्येला. मला इचारलं का कुणी?"

काका उठून बाहेर गेले.

रुग्णालयानं देह विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी ठेवून घेतला. मेंदू माझ्या कामाचा उरला नव्हता.

आता बाकीचे जेवायला जातात, तेव्हा मी यंत्रापाशीच बसते. कुणा अनोळखी माणसाची शिखरं पडद्यावर उमटत जातात. त्याला घरच्यांनी वेळेत सोडलं होतं. त्या घरात तेव्हा कोण कुणाशी काय बोललं असेल, एवढंच मनात येत राहतं.