तिकडं पाऊस आहे का?

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. नवऱ्याला ती थट्टा वाटली. पुढं मी रोज दुधात बोट बुडवून बघायला लागले, भाजीवाल्यानं वरच्या पेंढीखाली काय दडवलंय ते उपसायला लागले, तेव्हा त्याची खात्री पटली. पण माझा सगळ्यात जुना संशय हवामानाच्या अंदाजावर आहे. टीव्हीवरची बाई नकाशापुढं उभी राहून कोकण, घाट सगळं फिरून यायची आणि सोलापूरपाशी आली की तिची वेळ संपायची. फोनमधलं ॲप रोज एकच चित्र दाखवायचं, अर्धं ऊन आणि अर्धा ढग. पाऊस आला तरी ते बरोबर, नाही आला तरी बरोबर. असल्या माणसाला मी दारात उभं केलं नसतं.

आभाळाचं वेड मला लहानपणापासूनचं. माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. चारी बाजूंनी मोकळं रान, त्यामुळं पाऊस लांबून चालत येताना दिसायचा. लग्न होऊन सोलापुरात भवानी पेठेत आले आणि आभाळ दोन घरांच्या फटीएवढं उरलं. गच्चीवर गेलं तरी पुढं कुणाची तरी पाण्याची टाकी. त्याची चुटपुट लागून मी फोनवर शोधाशोध करायचे. एका दुपारी हवामान खात्याच्या पानावर, बरंच खाली, रडारची यादी सापडली आणि यादीत सोलापूर होतं. बोट लावलं तर एक गोल चित्र उघडलं. मधोमध आपलं शहर, भोवती वर्तुळं, जिल्ह्यांच्या बारीक रेषा आणि अक्कलकोटच्या अंगाला हिरवे-पिवळे डाग. पाऊस जिथं पडतोय तिथं रंग. हलका असेल तर निळा-हिरवा, जोराचा असेल तर लाल. मला एवढा आनंद झाला की गॅसवरची आमटी उतू गेली.

आनंद ओसरल्यावर संशय आला. चित्राच्या कोपऱ्यात सकाळची वेळ होती आणि घरात दुपारची जेवणं उरकली होती. शिळं चित्र ताजं म्हणून खपवतात की काय? ती वेळ परदेशी घड्याळाची असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे, असं नवऱ्यानं समजावलं. मी मान डोलावली, पण सोलापूरच्या पावसाला परदेशी घड्याळ कशाला, हे मला आजही पटलेलं नाही. शिवाय चित्रात एका कडेला एक डाग कायमचा ठाण मांडून असायचा. हलायचा नाही, विरायचा नाही. टेकडीवर आपटून रडारची लहर परत आली की तीही पावसासारखी दिसते, असं कुठंतरी वाचलं. म्हणजे हे चित्र खोटंही बोलतं. मग खरं कधी बोलतं, ते कसं ओळखायचं?

त्यासाठी साक्षीदार हवा होता, आणि तो माझ्याकडं होता. माहेरच्या बाजूला रंग दिसला की मी आईला फोन लावायचे. “आई, तिकडं पाऊस आहे का?” आई म्हणाली, “आलाय, आत्ताच सुरू झाला,” की मी चित्राला पास करायचे. हळूहळू आई पावसाचं सांगून थांबेना. जेवलीस का, झोप लागते का, आवाज असा का येतोय, असलं काहीबाही विचारायची. आईचा जीव आहे, विचारणारच, असं मी धरून चालले.

आम्ही मायलेकी कानडीत बोलतो. सासूबाई नातेपुत्याच्या, त्यांना कानडीतलं अक्षर कळत नाही. त्यात आमच्या घरात चित्र वायफायवर दिसतं, पण बोलायला रेंज मिळते ती मागच्या गॅलरीत, म्हणजे मला उठून बाहेर जावं लागायचं. आता हे सगळं सासूबाईंच्या बाजूनं बघा. सून फोनकडं टक लावून बघते, एकदम उठते, गॅलरीत जाते, हळू आवाजात कानडीत काहीतरी पुटपुटते आणि खुशीत परत येते.

“काय बोलत हुतीस आईसंगं?” त्यांनी एकदा विचारलंच.

“पाऊस आहे का विचारत होते, आत्या.”

“रोज?”

“ढग दिसला की.”

“आन् त्ये भाईर जाऊनच इचारावं लागतंय व्हय?”

मला हसू आलं आणि तिथंच घोटाळा झाला. त्या दिवसापासून मी गॅलरीत गेले की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबायचा. मला राग यायचा. मी सगळ्यांवर संशय घेते ते ठीक, पण माझ्यावर कुणी घ्यावा हे मला सहन होत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात नणंदेचं लग्न ठरलं. आमच्याकडं रुखवतात शेवया, पापड आणि रंगीत कुरडया मांडायची रीत आहे, आणि वरपक्षाच्या बायका मांडवात शिरल्या की आधी रुखवताकडं जातात. कुरडई तुटकी निघाली तर तोंडावर कुणी बोलत नाही, पण नंतर वर्षभर बोलतात. सासूबाईंना त्याचं लई दडपण. वेगळं राहणाऱ्या थोरल्या जावेनं विकतच्या कुरडया आणू म्हटलं, तर दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. गहू भिजत घातले. एकदा गहू भिजले की माघार नसते, चीक काढावाच लागतो आणि शिजवून कुरडया घालाव्याच लागतात, मग आभाळ कसंही असो.

त्या सकाळी सासूबाई, नणंद आणि मी अशा तिघींनी गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या आणि सोऱ्यानं कुरडया पाडल्या. पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या. ऊन कडक होतं. सासूबाईंनी आपणहून विचारलं, “तुज्या त्या फोनमदी बघ की, पावसाचं काय हाय का?” पहिल्यांदाच विचारलं होतं. मला केवढा मान वाटला.

दुपारी चित्र उघडलं तर अक्कलकोटच्या पलीकडं लाल पट्टा. पुढचं चित्र उघडलं, तर पट्टा आमच्या बाजूला सरकलेला. पण वर निळंशार आभाळ, आणि अर्धवट वाळलेल्या कुरडया हलवायच्या म्हणजे निम्म्या मोडणार. चित्र खोटं निघालं तर सासूबाई मला जन्मभर ऐकवतील. मी गॅलरीत धावले.

“आई, पाऊस आहे का?”

“नाही गं,” आई म्हणाली. “चांगलं लख्ख ऊन आहे.” मागून कसलीतरी घरघर येत होती. गिरणीत दळायला गेली असेल, असं मला वाटलं.

मी चित्रावर काट मारली. सासूबाईंना सांगितलं, “काही नाही, आईकडं ऊन आहे.” त्या पाय पसरून बसल्या.

थोड्याच वेळात दार वाजलं. दारात आई. हातात पिशवी, डोक्यावर पदर, आणि पाणी प्यायच्या आधी तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवला. हात बघितले, मनगटं बघितली.

“तू इथं कशी?” मी विचारलं.

“एसटीनं. तू फोन केलास तेव्हा वाटेतच होते.”

“अगं, मग पाऊस?”

“निघाले तेव्हा गावावर काळंकुट्ट आलं होतं. गाडी लागली म्हणून बरं. मागंच आहे तो.”

मोबाइल माणसाबरोबर फिरतो, ही साधी गोष्ट माझ्यासारख्या चौकस बाईच्या डोक्यात आली नव्हती. मी “आत्या!” म्हणून ओरडत गच्चीवर पळाले. वारा सुटला होता. ओल्या कुरडयांची साडी चारी कोपऱ्यांनी ताणून उचलावी लागते. मध्ये झोळ पडला की सगळ्या कुरडया घसरून एकमेकींत अडकतात. त्याला चार माणसं लागतात, आणि आम्ही तिघी. तेवढ्यात चौथा कोपरा आईनं धरला. सासूबाई मराठीत ओरडत होत्या, आई कानडीत, आणि दोघींचं दोघींना बरोबर कळत होतं. दोन साड्या जिन्याच्या पत्र्याखाली सुखरूप आल्या. तिसरी उचलेपर्यंत थेंब आले, गुलाबी कुरडयांचा रंग जरा पसरला. सासूबाईंनी त्या निरखून बघितल्या आणि म्हणाल्या, “खाली मांडू. वरनं पांढऱ्या ठिवू.”

चहा घेताना त्यांनी मनातली गोष्ट काढली. “ईनबाई, एक इचारू का? ही रोज तुमास्नी काय सांगती?”

आईचं मराठी तोडकंमोडकं. “काय सांगत नाही. पाऊस हाय का इचारती. रोज एवडंच. मला वाटलं, तुमी हिला तरास देता, बोलाया येत नाही, म्हणून पाऊस पाऊस करती. बघाया आले.”

सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. मग त्या म्हणाल्या, “आन् मला वाटलं, ही माजीच गाऱ्हाणी सांगती.” दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी फोन पुढं केला. लाल पट्टा बरोबर सोलापूरवर आला होता आणि बाहेर पत्रा वाजत होता. सासूबाईंनी चित्र लांब धरून बघितलं. “ह्ये तर खरं सांगत हुतं की. तुजा इस्वास आईवर. मग ह्ये बगतीस कशाला?” मला लाज वाटली. माझ्या मजेखातर मी एका म्हातारीला इतके दिवस घोर लावला होता.

दुसऱ्या दिवशी निघताना आईनं फोन मागितला. आपलं गाव कुठं, म्हणाली. मी बोट ठेवलं. तिथं कसलाच रंग नव्हता. “इथंच दिसतं म्हटल्यावर आता फोन करायची गरज नाही,” ती म्हणाली आणि पिशवीचा बंद विनाकारण पुन्हा बांधला.

लग्न पार पडलं. रुखवत बघणाऱ्या बायकांना काही सापडलं नाही. नंतर एका दुपारी चित्रात माहेरावर हिरवा डाग आला. आईला उगाच काळजी नको म्हणून मी फोन बाजूला ठेवला आणि भाजी निवडत बसले. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा समोर उभ्या राहिल्या.

“आईला फोन का न्हाय केलास? भांडलीस का तिच्यासंगं?”

“नाही, आत्या. चित्रात दिसतंय सगळं.”

“मला काय खरं वाटत न्हाय. लाव फोन.”

मी गॅलरीत गेले. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत आईनं उचलला, आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “घरीच आहे गं. ओसरीवर बसलेय. तुझ्या फोनचीच वाट बघत होते.”