खाली बसू नको

मी निघाले त्या दिवशी माय स्टँडवर आली नाही. बॅगा चुलतभावाच्या मोटरसायकलवर गेल्या, पोरीसोरी मागून चालत आल्या, आणि माय चौकट धरून दारातच उभी राहिली. "तू व्हय पुढं, मी आले," म्हणाली. चिटगुप्प्याची बस सुटली तरी ती आली नव्हती. दार ते स्टँड एवढंसं अंतर. ज्या बाईनं निर्ण्याच्या शिवारातली निम्मी तूर उकिडवं बसून खुरपली, तिला ते जमलं नाही.

निर्ण्यातल्या आणि निर्णा सोडून गेलेल्या माझ्या लोकांनो, मी चौदा एप्रिलच्या जयंतीची पत्रकं लिहून शिकलेली आहे. गोड लिहायची सवय नाही. मला इंग्लंडची हवा कशी, बर्फ कसा, हे सांगायचं नाहीये. गुडघ्यांबद्दल सांगायचंय.

जायच्या आधी मी मायला बीदरला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं होतं. त्यानं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, झीज झालीय, वय झालं, वजन सांभाळा, आणि खाली बसू नका. मायला हसू आवरेना. शहराच्या कडेच्या नौबादपर्यंत रिक्षात ती हसत होती. "जलमात पैल्यांदा कुणी म्हन्लं बग, खाली बसू नको म्हनून."

त्या 'झीज' शब्दावर माझा राग आहे. झिजतं ते खुरपं, झिजते ती चप्पल. झीज म्हटलं की कुणाला जबाब द्यावा लागत नाही. इथं लॅबमध्ये मी गुडघ्याच्या कूर्चेतल्या पेशी वाढवते. त्यांच्यावर सुजेचे रेणू सोडले की त्यांचं खाणंपिणंच बदलतं. त्या साखर अधाशासारख्या संपवतात, आम्ल ओकतात, आणि ज्या कूर्चेत त्या राहतात तिलाच कुरतडायला लागतात. ताण पडतो, सूज येते, सूज पेशींचा चयापचय बिघडवते, आणि बिघडलेल्या पेशी पुन्हा सूज वाढवतात. आतल्या आत जळत राहणारी गोष्ट आहे ही. माझी पीएचडी याच्यावरच चाललीय.

आणि मी ज्यांच्यावर काम करते ते गुडघे कुणाचे? ऑपरेशन करून बदलून घेतलेल्यांचे. जो टेबलापर्यंत पोचला, त्याचाच तुकडा माझ्या फ्रीजपर्यंत पोचतो. मायचा गुडघा कधीच पोचणार नाही. बदलायचं नाव काढलं की ती विषय तोडते. तिची एकच मागणी आहे, मरेपर्यंत परसाकडं स्वतःच्या पायानं जाता यावं.

गेल्या सुट्टीत गावी आले तेव्हा चिटगुप्प्याहून हातांची, पाठीची प्लॅस्टिकची खुर्ची आणली. मायनं ती पुसली, कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यावर धुतलेले कपडे रचले. वाकळा घातलेली बाज होती, तिच्यावर मात्र ती बसायची.

मग अक्का आल्या. ज्यांच्या रानात मायचा जन्म गेला त्या, शाळेतून रिटायर झालेल्या. हैदराबादला दोन्ही गुडघे बदलून आलेल्या, हातात काठी. आमच्या घरात त्यांचं पाऊल पहिल्यांदा पडत होतं. आम्ही त्यांच्या पायरीच्या वर कधी गेलो नाही आणि पायरीखाली कधी उभे राहिलो नाही; खाली बसायचं, हीच रीत. आता डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केलेली, म्हणून त्यांना खुर्ची हवी. मायनं कपडे उचलले, पदरानं खुर्ची पुसली. अक्का बसल्या. आणि माय भिंत धरून जमिनीवर बसली. गुडघा वाजला तो मला चुलीपाशी ऐकू आला.

मी म्हटलं, माय, बाजेवर बस.

"बसू दे गं," अक्काच म्हणाल्या, अगदी मायेनं. "तुमचं कष्टाचं हाड, सवय असती त्याला. आमचेच गुडघे गेले बग खुर्चीत बसून बसून."

मी सांगायला सुरुवात केली, सूज काय असते, उकिडवं बसून खुरपलेल्या बाईचा सांधा आधी का जातो. अक्का मान डोलवत होत्या. मायनं मला अडवलं. "गप गं. आल्यागेल्याम्होरं मास्तरकी करायलीस व्हय?"

अक्का गेल्या. मायला उठता येईना. काखेत हात घालून मी तिला उभी केली आणि ओरडले, बाज होती की, कामून बसलीस खाली?

तिला प्रश्नच कळला नाही. "आता त्या वर बसल्यावर मी कुठं बसू?"

या वाक्यावर माझ्याकडं औषध नाही, रेणू नाही. धर्म आज्ज्यानं बदलला, घरात बुद्धाचा फोटो आहे, पोरगी इंग्लंडात डॉक्टर व्हायलीय, आणि गुडघ्यांना अजून कुणी कळवलं नाही. नौबादला फ्लॅट घेऊन बसलेल्या माझ्या भावांनो, हसू नका. साहेब घरी आल्यावर तुम्ही सोफ्याच्या किती कडेला बसता, ते मी पाहिलंय.

घर कुठंय, असं इथले लोक विचारतात. बीदर, म्हणते, आणि फोनवर नकाशा दाखवते. खरं घर त्या खुर्चीच्या पायाशी आहे, माय बसते तेवढी सारवलेली जमीन. तिथून मी निघाले, आणि ती अजून उठलेली नाही.

परवा फोन केला. खुर्चीवर बसतीस का, विचारलं.

"धुऊन ठिवलीय की," माय म्हणाली. "अक्का यायल्यात उद्या."