बिल्ला ज्याच्या हातात

२०१७ सालचा वैशाख. इंदूरला ऊन मरणाचं होतं, आणि त्याच महिन्यात आमच्या मिलवाल्यांनी मला व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन केलं. किस्से कोणी ठरवून साठवत नाही. भंगारासारखे ते कोपऱ्यात पडून राहतात आणि एक दिवस बायको म्हणते, "हे बाहेर काढा एकदाचे." म्हणून काढतो आहे.

मी चौथी पास. विणाई खात्यात तीस वर्षं काढली. आधी साचे, म्हणजे माग, चालवले, शेवटची आठ वर्षं जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, होतो. देशाने बाहेरच्या मालाला दारं उघडली त्या वर्षांत आमच्या मिलचं फाटक बंद झालं. आता फाटकही नाही. यंत्रं भंगारात गेली आणि हजेरीची रजिस्टरं वाळवीने खाल्ली.

ग्रुपचं काम एकच होतं. यादी. मिलमध्ये कोण होतं, कुठल्या खात्यात, टोकन नंबर काय. कताई खात्यातल्या एका कामगाराचा नातू, केतन, पुण्याहून नोकरीला आला आणि विजय नगरला राहतो. तो ही यादी इंटरनेटवर चढवणार होता. फुकट. आम्ही सगळेच फुकटे. रजिस्टरं गेली, म्हणजे जो या यादीत नाही तो मिलमध्ये नव्हताच!

म्हणून पहिल्याच दिवशी मी नियम केला. खरं नाव, खातं, टोकन नंबर. तिन्ही सांगायची, मगच ग्रुपवर तोंड उघडायचं. नाव लपवणारा माणूस मला चालत नाही. शिवी द्यायची तर सही करून द्या!

यादीत एक नंबरवर मी. दत्तात्रय, विणाई, टोकन ४१७. ग्रुपचा फोटोही माझ्या बिल्ल्याचा. पितळेचा, ४१७ कोरलेला, चिंचेने घासून लखलखीत केलेला. घरी तो भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो.

लोक म्हणाले, "दत्तू भिया, ये ग्रुप है कि मिल का फाटक?"

मी म्हणालो, "फाटकच. नाव नसेल तर बाहेर!"

*

पहिली कटकट फोटोंची. सहा जणांनी आपल्या नावावर इंदूरच्या बडा गणपतीचा फोटो लावला होता. नावाच्या जागी सगळ्यांचं 'जय श्री गणेश'. कोण बोलतंय हे कळायचं कसं?

एका बुधवारी एका गणपतीने विचारलं, "गुडघ्याला कोणतं तेल लावावं?"

दुसरा गणपती म्हणाला, "तेल नंतर. आधी माझी शिडी परत कर."

पहिला म्हणाला, "मी तो नव्हेच. शिडी तिसऱ्याने नेली."

तिसऱ्याने जे लिहिलं ते इथे लिहिता येत नाही. देवाच्या तोंडी असली भाषा! माझं डोकं फिरलं. मी हुकूम सोडला, "सर्व गणपतींनी संध्याकाळपर्यंत आपापली तोंडं दाखवावीत!"

दाखवली. सहा टकलं, सहा चष्मे, आणि सहा जणांत मिळून दात असतील वीस. आता तर कोण कुठला काहीच कळेना. बायकोने, मंगलाने, माझ्या खांद्यावरून फोनमध्ये पाहिलं आणि म्हणाली,

"आधीचेच बरे होते."

*

केतनला माझा नियम आवडला, पण पुरेसा वाटला नाही. "काका, नुसतं विचारून चालत नाही. व्हेरिफाय करावं लागतं. सगळ्यांना ओळखपत्राचा फोटो पाठवायला सांगा."

सांगितलं. एका दिवसात ढीग पडला. कोणी ओळखपत्र पाठवलं, कोणी रेशनकार्ड, कोणी गॅसचं पुस्तक. एकाने तर छातीचा एक्स-रे पाठवला. "यावर पण माझं नाव आहे."

संध्याकाळी केतनचा फोन. घाबरलेला. "काका, ग्रुपमध्ये मोठा फ्रॉड आहे. एकवीस जणांची जन्मतारीख एकच आहे. एक जानेवारी!"

"त्यात फ्रॉड कसला? माझीही तीच आहे."

"अहो काका, एकाच मिलमध्ये एकवीस जण एकाच तारखेला जन्मलेले?"

मला राग आला. आमच्या जन्माच्या वेळी कोण कॅलेंडर घेऊन बसलं होतं? फॉर्म भरणाऱ्याने तारीख विचारली, आम्ही म्हणालो, टाक वर्षाचा पहिला दिवस. कागद खूश, आम्ही खूश.

"मग तुमची खरी तारीख काय?" केतनने विचारलं.

"आई सांगायची, सुगी चालू होती आणि पाटलांची गाय व्यायली होती."

फोनवर कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग तो हळूच म्हणाला,

"काका, गाईचा कॉलम नाहीये."

*

मिलमध्ये तरी ओळख कुठे होती? बिल्ल्यावर फोटो नसे. पितळेचा तुकडा आणि त्यावर आकडा. बिल्ला ज्याच्या हातात तो माणूस. पक्का कामगार गावी गेला, आजारी पडला, की फाटकावर उभ्या असलेल्या बदलीवाल्याला आपला बिल्ला द्यायचा. बदलीवाला त्या बिल्ल्यावर आत जायचा, त्याच्याच नावाने राबायचा. हजेरी त्याची, घाम याचा. टाइमकीपरला माहीत, जॉबरला माहीत, मालकालाही माहीत असणार. साचा चालतोय ना, मग बस!

मीही तसाच लागलो. बासष्ट साली बद्रीलाल नावाच्या पक्क्या कामगाराचे वडील गावी, देपालपूरला, अंथरुणाला खिळले. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. जाताना बिल्ला माझ्या हातात देऊन म्हणाला, "दो महीने संभाल ले." दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. तेवढी वर्षं मी मिलमध्ये बद्री होतो. हाकही तीच, शिवीही त्याच नावाने.

मधेच माझं लग्न झालं. खात्यातले बारा जण आंघोळी करून, धुतलेले सदरे घालून मांडवाशी आले आणि दारात विचारू लागले, "बद्री की शादी यहीं है क्या?"

दारात माझे सासरे. कडक माणूस. म्हणाले, "इथे कोणी बद्री नाही. पुढच्या गल्लीत बघा."

पुढच्या गल्लीत बाराच्या बारा जण तासभर फिरले आणि उपाशी घरी गेले! दुसऱ्या दिवशी साच्यावर माझ्याशी कोणी बोलेना. मंगला अजून हसते. "मी लग्न कोणाशी केलं ते मला वर्षभराने कळलं."

*

आता सरलाचा किस्सा. यात माझी चूक नाही, नियम म्हणजे नियम.

कताई खात्यातले शंकरराव ग्रुपवर रोज हजर. जुन्या गोष्टी काढायचे, लोकांना छेडायचे. त्यांनी काही लिहिलं की दहा जण उत्तर द्यायचे. एकदा बाजारात त्यांचे शेजारी भेटले. म्हणाले, शंकरराव जाऊन चार महिने झाले!

चार महिने! त्या चार महिन्यांत शंकररावांनी मला तीनदा सुप्रभात केलं होतं!

मी फोन लावला. त्यांची सून सरला बोलली. "काकाजी, बाबूजी गेल्याचं सांगितलं असतं तर तुम्ही नंबर काढून टाकला असता. सासूबाईंना दिसत नाही. रोज दुपारी मी त्यांना ग्रुप वाचून दाखवते. त्या जे सांगतात तेच मी लिहिते. सगळ्या गोष्टी बाबूजींच्याच आहेत, माझं एक अक्षर नाही."

"मेलेल्या माणसाच्या नावाने लिहिणं बरोबर नाही. स्वतःचं नाव लाव."

तिने लावलं. 'सरला, शंकररावांची सून.' यादीसारखं स्वच्छ. मला समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवरचे सगळे पुरुष सभ्य झाले. "नमस्कार ताई." "वहिनींना प्रणाम." छेडाछेडी बंद. ती एखादी गोष्ट लिहायची आणि खाली नुसते हात जोडलेले. महिन्याभराने तिचा फोन आला.

"काकाजी, सासूबाई विचारतायत, सगळे मिलवाले एकदम मेले का?"

*

आता त्या माणसाचं सांगतो.

नियम होण्याआधी केतनने लिंक पाठवली होती. तिच्यावरून एक जण आत शिरला होता. नाव 'मिलवाला'. फोटो नाही. असल्या माणसाला मी पहिल्याच दिवशी हाकलणार होतो, पण लोक आडवे आले. कारण तो लिहायचा चांगलं. हिंदीत, छोटं छोटं. साच्यात धागा तुटला की आवाज कसा बदलायचा, आणि आंधळ्यालाही कळायचं की कितवा साचा अडला. उन्हाळ्यात सूत तुटू नये म्हणून खात्यात पाण्याचा फवारा असायचा. 'सूत के लिए था. आदमी बीच में खड़ा था, तो भीग लेता था.' म्हातारे वाचायचे आणि रडायचे.

सरलाने लिहिलं, "सासूबाई म्हणतात, हेच खरे मिलवाले."

खरे? नाव नाही, नंबर नाही, आणि खरे? शिवाय त्याच्या सगळ्या गोष्टी बासष्टच्या आधीच्या. नंतरचं एक अक्षर नाही. मला वाटलं, कोणाकडून ऐकून लिहितो. यादी चढवायला आठ दिवस उरले होते. मी सगळ्यांसमोर विचारलं,

"नाव?"

"रहने दो."

"खातं?"

"विणाई."

माझंच खातं! माझ्या खात्यातला माणूस आणि मला माहीत नाही? माझं पित्त खवळलं. "मर्द असशील तर टोकन नंबर सांग. नाहीतर बाहेर!"

अर्धा तास गेला. मग एक ओळ आली.

"नंबर ग्रुप के फोटो में है."

ग्रुपवर हसण्याचा पूर आला. "चोर सापडला!" "ॲडमिन का ही टोकन मार लिया भिया!" मी त्याला काढून टाकलं. खाली अंगठेच अंगठे.

मला कळलं नव्हतं असं नाही. वाचताक्षणीच कळलं होतं. कळलं म्हणूनच काढलं.

मंगला ताट घेऊन आली. "कोणाला काढलं?"

"एका चोराला."

तिने फोन घेतला, वाचलं, आणि भिंतीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं. "आपल्या लग्नातून बारा जण उपाशी गेले," ती म्हणाली. "हा तेरावा."

चौसष्ट साली बद्रीलाल देपालपूरहून परत आला होता. बिल्ला मागायला. माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत एक चूल, एक नवी नवरी. मंगलाने त्याला पाणी दिलं. तो प्यायला, आणि बिल्ल्याचं काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी टाइमकीपरला म्हणाला, "चार सौ सत्रह इसके नाम कर दो. मैं मंडी में बोरे उठा लूँगा." रजिस्टरमध्ये त्याचं नाव खोडलं, वर माझं लिहिलं. त्याची आधीची सात वर्षं माझ्या नोकरीत गेली.

देपालपूर किती लांब? बसने दीड-दोन तास. त्रेपन्न वर्षांत मला ती बस मिळाली नाही.

त्याला ग्रुपवरून काढलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. देपालपूरच्या मंडीत विचारलं, घर सापडलं. ओट्यावर खाट, खाटेवर तो. ऐंशीचा. हातात नातीचा फोन. मला पाहिलं आणि हसला.

"आ गया, बद्री?"

मी उभाच राहिलो. "नाव का नाही सांगितलंस?"

"मेरा नाम बोलता तो तेरा जाता. तू ॲडमिन है."

"ग्रुपवर परत घेतो. पण नियम आहे. नाव, खातं, टोकन."

"इस उमर में नाम का क्या करूँगा? बातें पढ़ने को मिल जाएँ, बस."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो, आणि पिशवीतून बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला. "आता बोल."

त्याने बिल्ला उलटापालटा केला. अंगठ्याने पुसला. डोळ्यांपासून लांब धरला.

"बद्रीलाल. विणाई. चार सौ सत्रह."

मी त्याच्या शेजारी खाटेवर बसलो आणि फोनवर यादी उघडली. एक नंबरवरचं माझं नाव काढून तिथे त्याचं लिहिलं. मग यादीच्या अगदी शेवटी गेलो. दत्तात्रय, विणाई. टोकनच्या जागी लिहिलं, बदली.