धाकट्याचं म्हणणं

धाकट्या सुताराला बोलायचा भारी कंटाळा. गिऱ्हाइकानं कपाट कधी मिळेल विचारलं तरी तो करवतीकडे बघायचा, जणू उत्तर तीच देणार. असा माणूस सख्ख्या थोरल्या भावाशी कोर्टात भांडायला गेला, आता बोला! भांडण वडिलांच्या कारखान्याच्या जागेचं. खालच्या कोर्टानं ती थोरल्याला दिली, धाकट्यानं अपील केलं. निकाल लागेपर्यंत तिथेच काम करायची मुभा होती. पण जागा गेली तर रंधा मारायचा कुठे, स्वयंपाकघरात? हाच घोर त्याला लागलेला.

वकिलांचा फोन आला तेव्हा करवत चालू होती. "तुमचं म्हणणं द्यायचं राहिलंय. मुदत संपत आलीय. तेवढं देऊन टाका, नाहीतर सगळंच मुसळ केरात."

वकिलांच्या मनात होता लेखी कागद. यानं ऑफिसात यायचं, हकिकत सांगायची, सही करायची. याला वाटलं, म्हणणं द्यायचं ते समोरच्या पार्टीला. समोरची पार्टी म्हणजे दादा. झालं! धुतलेला शर्ट घालून स्वारी थेट थोरल्याच्या दारात. कित्येक वर्षांत तो उंबरा त्यानं ओलांडला नव्हता.

"दादा, कोर्टाचं काम आहे. माझं म्हणणं द्यायला आलोय."

थोरलाही कोर्टाला भिणाराच. "दे बाबा," म्हणाला, आणि बायकोला टीव्ही बंद करायला लावला.

धाकट्यानं दिलं, अडखळत, जमिनीकडे बघत. "बाबा गेल्यावर गिऱ्हाइकांसमोर तू मला हाताखालचा माणूस म्हणालास. जागेचं काही नव्हतं रे मला. ते फार लागलं."

थोरला त्याच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "म्हणालो खरा. चुकलंच माझं." वहिनीनं ताट वाढलं. धाकटा पोटभर जेवला.

पुढे व्हायचं तेच झालं. मुदतीत लेखी म्हणणं आलं नाही म्हणून अपील फेटाळलं गेलं. वकिलांनी कपाळाला हात लावला. "अहो, भावाला काय सांगत बसलात? कोर्टाला द्यायचं होतं."

"तुम्ही कुठे तसं म्हणालात?"

वकिलांनी फाईल मिटली. जागा थोरल्याची झाली, कायमची. धाकटा कारखान्यात गेला. तो हत्यारं पोत्यात भरत होता, तेवढ्यात थोरला आला.

"हे काय चाललंय?"

"जागा तुझी झाली. निघतो."

"जागा माझी ना? मग इथे कोणी राहायचं ते मी ठरवीन." थोरल्यानं पोतं उलटं केलं. बाकावर अर्धवट दार पडलं होतं. "हे कुणाचं?"

"शाळेचं."

"मग बसलास काय? धर तिकडून."

धाकट्यानं धरलं. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती. निकाल तिला कळला होता. "आता कामाला कुठे जाणार?" तिनं विचारलं.

"दादाकडे," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.