फाट्याच्या आतली गावं

"आई गेली. झालं तुमचं समाधान?"

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. प्रशांत म्हणजे शालनचा मुलगा. पुण्याला नोकरी करतो, मला मावशी म्हणतो. त्याचं पहिलं वाक्य लगेच कळलं, दुसरं कळायला वेळ लागला... तोवर त्यानं फोन ठेवलाही होता. जेवून खुर्चीत बसली होती, बसल्या बसल्याच गेली, शेजारणीनं दार ढकललं तेव्हा समजलं, हे सगळं मला नंतर इतरांकडून कळलं. जुळे सोलापुरात आमच्या दोघींच्या बिल्डिंगी समोरासमोर आहेत. हातात ओला टॉवेल तसाच धरून मी रस्ता ओलांडला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वंदना झाली, माणसं दोन शब्द बोलायला उठू लागली. प्रशांतही उठला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, थंडीत बाहेर काढू नका," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "हिवाळाभर हिंडवलं तिला. कुणी, ते मी बोलत नाही." न बोलताच सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी जेवणाच्या पंगतीत दोन घास खाऊन उठले. शालनच्या दिवशी तमाशा नको म्हणून गप्प बसले. त्याला आता सात आठवडे झाले. आता बोलते. होय, मीच नेलं. चार रविवार नेलं, माझ्या जुन्या लाल गाडीतून नेलं, आणि तिनं म्हटलं असतं तर पाचव्या रविवारीही नेलं असतं.

शालन एसटीत कंडक्टर होती, सव्वीस वर्षं. मी शाळेत क्लार्क. आमची ओळख दोघी रिटायर झाल्यावर झाली, तीही भाजीच्या गाड्यावर, मेथीच्या शेवटच्या जुडीवरून भांडताना. जुडी तिनं घेतली आणि संध्याकाळी अर्धी भाजी डब्यात घालून माझ्या दारात उभी राहिली. "भांडलीस चांगली," म्हणाली, "पर आवाज कमी पडतोय तुजा." भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज होता तिचा. मागल्या पावसाळ्यात तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला, चालणं बंद केलं, मीठ बंद केलं. प्रशांतनं बाल्कनीत एक आरामखुर्ची आणून ठेवली. त्या खुर्चीत बसून शालन येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटर बघायची आणि सगळ्या जगावर चिडायची.

डिसेंबरात आमच्या कॉलनीतल्या फोटोवेड्या पोरापोरींनी एक खेळ काढला. जिल्ह्यातल्या वीस जुन्या खुणांची यादी दिली. कुठल्या गावची बारव, कुठली दीपमाळ, कुठल्या गावची वेस, चुना मळायची दगडी घाणी, कानडी-मराठी दोन्ही अक्षरं असलेली जुनी पाटी, उसाच्या बैलगाड्यांची रांग. संक्रांतीच्या आत तिथं जायचं, आणि ती खूण आणि आपण, दोन्ही एका फोटोत दिसलं पाहिजे. मी शालनला गंमत म्हणून यादी वाचून दाखवली. ती खुर्चीत ताठ बसली. "ही समदी गावं माझीच हायत की! चल."

"आणि डॉक्टर?"

"डाक्टर काय म्हनला? जिना चढू नका. तुज्या गाडीत कुटं जिना हाय?"

पहिल्या रविवारी आम्ही अक्कलकोटच्या बाजूला गेलो. शालनच्या अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर, मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. मी किल्ली फिरवली की ती डॅशबोर्डवर बोटानं दोनदा टकटक करायची, डबल बेल. त्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा तिचा हुकूम. नकाशा लावू दिला नाही. "मोबाईलला काय कळतंय? मी हाय न्हवं!" आणि खरंच, डोळे मिटून सांगावं तसं तिनं प्रत्येक गाव बरोबर आणलं. "आलं, थांब." मी थांबायची, आम्ही उतरून पाटीपाशी उभ्या राहायचो, चहाच्या टपरीवाला फोटो काढून द्यायचा. बारव कुठाय विचारलं तर म्हणायची, "असंल की मागं. गावाचं नाव आलंय न्हवं फोटुत?" तिचा तो तोरा बघून मलाही ते पटलं. पाच गावं केली आणि विजयी होऊन घरी आलो.

संध्याकाळी त्या पोरांचा निरोप आला. "काकू, पाचही फोटो बाद. हे सगळे फाटे आहेत. गाव कुठंय?"

मी हसत सुटले. शालन हसली नाही. फोन हातात घेऊन पाचही फोटो तिनं पुन्हा पुन्हा बघितले. मग म्हणाली, "विमल, सव्वीस वरसं ह्या गावांची नावं वरडले गं मी. येकातबी आत गेले न्हाय." गाडी फाट्यावर थांबते, माणसं उतरतात, बेल वाजते, गाडी पुढं जाते. माणसं धुळीच्या रस्त्यानं आत कुठं जातात, ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. तिच्या लेखी गाव म्हणजे एक पाटी, एक झाड आणि हातात पिशव्या घेतलेली माणसं. "मला आत जायचंय," ती म्हणाली. हे ती ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज ऐकल्यावर नाही म्हणणारी बाई मी नाही.

पुढचे तीन रविवार आम्ही आत गेलो. बारवेच्या काठावर बसून शालननं पाणी बघितलं. कानडी-मराठी पाटीखाली एका म्हातारीशी ती कानडीत बोलली. बोलली म्हणजे, 'इळीरी, मुंदे होग्री', उतरा आणि पुढं सरका, एवढंच कानडी तिला येत होतं, पण म्हातारी पोट धरून हसली. श्रीपूरला बैलगाड्यांच्या रांगेत एका ऊसतोडणीवालीनं तिच्या हातात कांडं दिलं, "खावा की आजी, दात हायत न्हवं?" शालननं तिच्यासमोर दातानं सोलून खाल्लं. तिथंच प्रशांतचा फोन आला. खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं. "श्रीपुरात हाय. ऊस खातीया," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. "मावशी, तिला आत्ताच्या आत्ता घरी आणा," तो ओरडला. मी म्हटलं, "तू ये आणि घेऊन जा. मी अडवत नाही." तो आला नाही. त्याला सुट्टी नव्हती, हे मलाही माहीत होतं. पण बोलले ते बोलले.

शेवटचा रविवार नातेपुत्याच्या अलीकडच्या एका फाट्याचा. गाव तीन किलोमीटर आत, आणि शेवटचा अर्धा किलोमीटर रस्ता उकरून ठेवलेला. गाडी एका शेडपाशी लावावी लागली. वेस समोर दिसत होती, पण चालायला बरंच होतं. मी म्हटलं, "शालन, इथूनच फोटो काढू. वेस दिसतेय." ती म्हणाली, "इतं उभी राहिले तर ह्योबी फाटाच की." आणि चालायला लागली. चार ठिकाणी बसली. एकदा दगडावर, एकदा पाइपवर, दोनदा नुसती मातीत. तिसऱ्या वेळी तिचे ओठ काळसर पडलेले बघून माझा धीर सुटला. "चल परत, मरशील!" मी ओरडले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मरंन की. पर आत जाऊन."

वेशीत एक पागोटंवाला म्हातारा बसला होता. त्यानं तिला निरखून बघितलं. "कंडक्टरबाई न्हवं का तुमी?"

"व्हय."

"येकदा मला फुडल्या फाट्यावर नेऊन उतरवलं तुमी. उलटा चालत आलो हुतो."

"झोपला असशील तू."

"झोपलो हुतो खरा," म्हातारा म्हणाला आणि घरातून बाज घेऊन आला. त्या बाजेवर शालन तासभर पडली. वर वेशीची कमान, भोवती पोरीबाळी, कुणी गुळाचा चहा आणलेला. माझ्या मनात घड्याळ चाललं होतं, तिला काही घाई नव्हती. वीसपैकी आमच्या चौदा खुणा झाल्या, बक्षीस मिळालं नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली.

आता खरं सांगायचं तर, दुपारी डोळा लागत नाही तेव्हा मलाही वाटतं... नेलं नसतं तर अजून वर्षभर राहिली असती का? असेलही. ती नाही तर माझं कुणाशी भांडण होत नाही, घसा गंजलाय माझा. रडू येतं, रडते. पण ते वर्ष तिनं त्या बाल्कनीत काढलं असतं, आणि त्या वर्षासाठी मी माफी मागणार नाही. प्रशांतची नाही, डॉक्टरांची नाही, माना वळवणाऱ्यांची तर नाहीच.

गेल्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात प्रशांत. तिच्या मोबाईलमधले फोटो त्यानं बघितले होते. "ती बाजेवर हसतेय, ते कुठलं गाव?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, सांगून कळणार नाही, चल. खाली आलो. तो गाडीत बसायला गेला आणि अडखळला. शालन बुटकी होती. समोरचा रस्ता दिसावा म्हणून तिनं सीट पार पुढं ओढून घेतली होती, ती अजून तशीच आहे. प्रशांत सहा फुटी. त्यानं सीटखाली हात घातला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग हात काढला, अंग चोरून आत शिरला आणि दार ओढून घेतलं. नातेपुत्यापर्यंत त्याचे गुडघे डॅशबोर्डला घासत होते. घासू देत.