कणसं धरलेली देवी

माझ्या पोलीस खात्यातल्या नोकरीत खून-दरोडे बरेच झाले. त्यांचे तपशील आता आठवावे लागतात. जव्हारला असताना आलेली, देव हरवल्याची एक फिर्याद मात्र न आठवताही समोर येते.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. भातकापणी आटोपत आली होती. सकाळची हजेरी चालू असताना दाभोशाच्या बाजूच्या एका पाड्यावरची म्हातारी पोलीस स्टेशनला आली. सोबत तिचा मुलगा, शाळामास्तर. घरच्या देवांच्या टोपलीतली तिची कणसरी, म्हणजे धान्याची देवी, नाहीशी झाली होती. मूर्ती नव्हे, तांब्याचं जुनं नाणं. त्यावर हातात कणसं धरून बसलेली बाई आहे, एवढं वर्णन तिनं दिलं. संशय कुणावर, असं विचारल्यावर तिनं आपल्या विधवा जावेचं नाव घेतलं. मास्तर खाली बघत उभा राहिला.

मी पंचनाम्याला पाड्यावर गेलो. फोडतोड नव्हती. टोपलीतले बाकीचे देव तांदळात जागच्या जागी होते. बाहेरचा चोर चांदीचा टाक सोडून तांबं नेणार नाही, हे उघड होतं. तिथेच कळलं की भगतानं दाणे टाकून त्या जावेला भुताळी, म्हणजे चेटकीण ठरवलं आहे. विहिरीवर तिला पाणी भरू देत नव्हते, आणि तिला पाड्याबाहेर काढायचं घाटत होतं. मी जाणत्या माणसांना सक्त ताकीद दिली, एक हवालदार तिथे ठेवला. पण हवालदार मारहाण थांबवू शकतो, लोकांच्या नजरा नाही.

खबर एका जीपवाल्यानं दिली. चोरीचा बोभाटा होण्याआधी मास्तर त्याच्या जीपमधून जव्हारला आला होता. वाटेत रुमाल उघडून एक नाणं पुन्हा पुन्हा बघत होता, आणि उतरल्यावर त्यानं नाशिकच्या एसटीची चौकशी केली होती.

मास्तरला बोलावलं. तो आधी नाकारत राहिला. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि एवढंच विचारलं, "मास्तर, लहानपणी तुम्हाला याच काकीनं सांभाळलं ना?"

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देव मीच नेला, साहेब."

शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्यानं रोमन नाण्यांची चित्रं पाहिली होती. ती घरच्या कणसरीसारखी वाटली. आई देवाला घराबाहेर काढू देणार नाही, म्हणून न विचारता त्यानं ते नाणं नाशिकच्या एका वयस्कर अभ्यासकाकडे नेऊन ठेवलं. कापणीनंतरच्या पूजेआधी परत आणायचं ठरवलं होतं, पण ओळख लवकर पटेना. तेवढ्यात आईनं टोपली उघडली.

"पहिल्या दिवशी बोललो असतो तर आईच्या शिव्या खाऊन सुटलो असतो," तो म्हणाला. "मग काकीचं नाव निघालं आणि जीभच उचलेना. शिकलेला मुलगा घरचा देव चोरतो, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

आम्ही नाशिकला गेलो. अभ्यासकांनी नाणं भिंगाखाली धरलं. एका बाजूला बादशहाचं डोकं. दुसऱ्या बाजूला खडकावर बसलेली देवी, हातात कणसं, पायाशी पोहणारा पुरुष; तो म्हणजे नदी. अशी देवी अनेक शहरांनी आपापल्या नाण्यांवर छापली होती, म्हणून झिजलेली ग्रीक अक्षरं लावण्यात वेळ गेला होता. नाणं रोमचं नव्हतं. रोमच्या अंमलाखालच्या, युफ्रेटिस नदीकाठच्या सामोसाटा नावाच्या शहराचं होतं. ते डोंगरातल्या पाड्यावर कसं आलं, हे त्यांनाही सांगता येईना. ते आनंदानं बोलत होते. ज्यानं त्यासाठी एवढं केलं, तो मास्तर खिडकीबाहेर बघत होता.

जप्तीचे सोपस्कार उरकल्यावर नाणं म्हातारीला परत मिळालं. पाड्यावर अंगणात सगळे जमले. मास्तरनं सर्वांदेखत खरं ते सांगितलं आणि काकीच्या पायांवर वाकला. तिनं पाय मागे घेतले.

"देव गावला, बेस झालं," ती म्हणाली. "पण पोरां मना बघून दार लावीत, ते तू रोज शाळेत जाता बघत होतास."

मास्तरची आई देवी मुठीत धरून, तोंडाला पदर लावून उभी होती. मीही हातातल्या टोपीची किनार उगाच पुसत राहिलो.

गैरसमजातून झालेली फिर्याद म्हणून मी 'क' समरी पाठवली. कागदोपत्री प्रकरण निकालात निघालं. माराच्या भीतीनं खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांना बोलतं कसं करायचं हे खात्यानं शिकवलं होतं. लाजेनं गप्प बसणारा माणूस त्यांच्यापेक्षा किती नुकसान करतो, हे त्या मास्तरनं शिकवलं. काकी त्याच आठवड्यात मोखाड्याकडे लेकीच्या घरी गेली. माझी बदली होईपर्यंत मी पाड्यावर चौकशी करत असे. ती परत आली नव्हती.