वाचून राहिले
केळीच्या वाळल्या पानाचा वास आला, की माझं डोकं अजूनही फिरतं. नांदेडच्या हॉस्टेलात असताना अर्धापूरहून, घरून आणलेली तसल्या पानाची पट्टी मी कादंबरीत खूण म्हणून ठेवायचे. खोलीत नवीन आलेली मुलगी पुण्याची. तिला कौतुकानं म्हटलं, "लई भारी हाय ही, वाचून राहिले मी." तर ती खुशाल म्हणाली, "शेवटी बहीण मरते तिथे मी किती रडले!" मी ओरडलेच, "अगं, माझी अर्धीच झालीय!" त्यावर हसून म्हणते, "मग 'वाचतेय' म्हण ना! मला वाटलं, वाचून झाली." शेवट सांगून टाकला तिनं, आणि बोलणं सुधारायचं मी? कादंबरी धाडकन मिटली. आज कपाटात सापडली, पट्टी तिथंच. लेकीनं विचारलं, "वाचलीस का गं ही?" ठणकावून सांगितलं, "वाचून राहिले."